सतरा शिक्के आणि उसातली झाडी

“माझा शिक्का अमेरिकेला कुणी पाठवला?”

कायचो-सान ओरडत होते. कायचो म्हणजे आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला लागेल एवढी, आणि आवाज थेट बंदरावरचा, हे मला त्या मंगळवारी सकाळी कळलं. प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून वर टाकायची जाळी त्यांच्या एका हातात, आणि दुसऱ्या हातात मी आदल्या दिवशी गल्लीत फिरवलेली चिठ्ठी. जपानातल्या कावासाकीच्या या भागात मी एकवीस वर्षं राहतेय. एवढ्या वर्षांत इथं कुणी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. एकदा भूकंपात कुणीतरी किंचाळलं होतं, पण ती मीच होते. कायचो-सानांच्या आवाजानं तिन्ही बाजूंच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघडल्या, आणि तारेवर बसलेला कावळा जो उडाला तो योकोहामा येईपर्यंत थांबला नसणार.

“मी पाठवला, कायचो-सान,” मी म्हटलं.

“कुणाला विचारून?”

“तुम्ही मारला होता ना.”

“वाचलं म्हणून मारला. फक्त वाचलं म्हणून.” त्यांनी चिठ्ठी माझ्या नाकासमोर धरली. “तुम्ही लिहिलंय, सतरा घरांचा पाठिंबा अमेरिकेत पोचला, सर्वांचे आभार. कसला पाठिंबा? कुणी दिला?”

मी मान खाली घातली. माझ्या माहेरी विचाराल तर सांगतील, ही पोरगी मान खाली घालते ती फक्त ताटावर. त्या दिवशी रस्त्यावर, कचऱ्यासमोर घातली.

आता हा शिक्का कसला आणि अमेरिका कुठून आली, ते सांगते. माझ्या सांगण्यात थोडी भर असते, हे आधीच कबूल करून टाकते. आमचे हे माझं कुठलंही वाक्य ऐकलं की मनातल्या मनात चारनं भागतात. तीस वर्षांच्या संसारात त्यांचा भागाकार फार सुधारलाय. पण हे प्रकरण मी भर न घालता सांगणार आहे. निदान महत्त्वाच्या जागी तरी.

आमच्या समोरच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक शिक्षिका राहते. अमेरिकेची, कृष्णवर्णीय, चाळिशीची, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. पहिली चार वर्षं आमची ओळख मान डोलावण्यापुरती होती. मग एका हिवाळ्यात स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडं ओकिनावाहून ऊस आला. ऊस म्हणजे काय, वीतभर कांडं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर कुणा शेतकऱ्याचा हसरा फोटो. मी कोल्हापूरकडची. उसाचं एवढंसं कांडं असं नटवून ठेवलेलं बघून मला हसू आवरेना, आणि शेजारी पाहते तर हीसुद्धा तोंडावर हात धरून हसतेय.

“आमच्याकडं हे विकत घेतलं तर गाववाले वाळीत टाकतील,” ती म्हणाली.

“तुमच्याकडं ऊस?”

“घराच्या पायरीपासून नदीपर्यंत.”

मी तिथल्या तिथं दोन कांडी घेतली आणि दुकानाच्या दारातच दातांनी सोलून एक तिला दिलं. भाजीवाल्यानं डोळे मिटून घेतले. माझे दात इतके मजबूत आहेत की इथल्या दंतवैद्यानं एकदा फी घ्यायची का म्हणून विचार केला होता, पण ते जाऊ दे. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणू लागली. हा शब्द मीच शिकवला, कारण माझं आडनाव उच्चारताना तिचा चेहरा फार कष्टी व्हायचा.

तिचं गाव लुईझियानात, मोठ्या नदीच्या काठाला. तिचे खापरपणजोबा तिथल्या उसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामी उठल्यावर त्या मळ्यावरच्याच काही कुटुंबांनी मिळून मळ्याच्या कडेची चिंचोळी पट्टी विकत घेतली. आधी चर्च बांधलं, मग घरं. तीच कुटुंबं अजून तिथं आहेत. पण गुलामीत मेलेली माणसं त्या पट्टीत नाहीत. ती आहेत जुन्या मळ्याच्या मधोमध, उसातल्या एका झाडीत. गुलामाच्या कबरीला दगड कोण लावणार? म्हणून माणसानं शेवटी वापरलेली वस्तू मातीवर ठेवायची. कप, दिवा, बशी, नदीतले शिंपले. वर झाडं वाढली. नांगर त्या झाडीला वळसा घालून जायचा, आता ट्रॅक्टर घालतो.

“आमच्याकडं शेतात म्हसोबाचा दगड असतो, नांगर त्याला असाच वळसा घालतो,” मी म्हटलं.

“दगड असता तर काय हवं होतं, ताई,” ती म्हणाली.

कारण आता एका कंपनीला तिथं धक्का बांधायचा होता आणि धान्य साठवायची मोठी टाकी, पन्नास मजले उंच. (बरं, पंचवीस.) कंपनीच्या नकाशावर ती झाडी होती, पण तिच्यावर लिहिलं होतं ‘पडीक झुडपं’. कबरी वगैरे गावकऱ्यांनी रचलेली गोष्ट आहे, असं कंपनीच्या वकिलाचं म्हणणं. त्याच्यावर जनसुनावणी व्हायची होती. तिथल्या स्थानिक मंडळानं झाडीला दफनभूमी म्हणून नकाशावर घेतलं तर टाकीचं पुढं बघू. नाही घेतलं, तर परवानगी निघणार आणि एका दुपारीत झाडी सपाट होणार.

गावाच्या बाजूनं लढत होती तिची आत्या. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर शाळेत स्वयंपाक केलेली. आत्याकडं एक वही होती, झाडीतल्या माणसांच्या नावांची. तिचा नियम कडक. जिवंत माणसानं थोरल्या माणसाच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाव असेल तरच वहीत जायचं. ‘असं म्हणतात’ चालायचं नाही. मी तिच्या वहीत एका दिवसात दोनशे नावं भरून दिली असती, म्हणून तर ती वही माझ्याकडं नव्हती.

आत्यानं जगभरच्या नातेवाइकांना सांगितलं होतं, पाठिंब्याची पत्रं पाठवा, लांबून आलेली तर जास्त बरी. मंडळाला वाटतं आपल्याकडं कुणी बघत नाही. शेजारणीनं स्वतःचं पत्र लिहिलं आणि मला म्हणाली, “ताई, तुमचंही एक मिळेल?”

एक? माझ्या अंगात वारं शिरलं. कारण त्या वर्षी मी आमच्या गटाची प्रमुख होते.

इथं गल्लीचे लहान गट असतात आणि दरवर्षी एकेका घराकडं प्रमुखपद येतं. तुम्ही कितीही नालायक असा, पाळी चुकत नाही. प्रमुखाचं मुख्य काम म्हणजे पाटी फिरवणं. चिमट्याची एक पाटी असते, तिला सूचना लावायच्या. आगीची कवायत, गटारसफाई, वृद्धांसाठी मोफत फ्लूची लस. पाटी पहिल्या दाराच्या मुठीला अडकवायची. ते वाचतात, कागदावर आपल्या आडनावाचा लाल शिक्का उमटवतात आणि पुढच्या दाराला अडकवतात. फिरून फिरून पाटी परत प्रमुखाकडं येते.

मी शेजारणीच्या गावाची हकीकत एका पानावर मांडली. माझ्या मुलीनं तिचं जपानी केलं. ती इथंच वाढलेली, माझं जपानी वाचून तिला दातदुखी होते. ते पान गटारसफाई आणि आगीची कवायत यांच्या मधे लावलं आणि पाटी सोडली. सहा दिवसांनी परत आली. सतराच्या सतरा शिक्के. गोल, लाल, एका ओळीत, देवीच्या कपाळावर शोभावेत असे.

इथं मला खरं बोलायचंय. शिक्का म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. एकवीस वर्षं मीही मारतेय. कित्येकदा न वाचता, फोडणी करपू नये म्हणून डाव्या हातानं. तो शिक्का एवढंच म्हणतो की कागद आला, पाहिला, पुढं ढकलला. पण ज्या मुलखात मी वाढले तिथं कागदावर अंगठा उमटला की माणूस त्या बाजूला मोजला जातो. सतरा लाल गोल पाहिल्यावर माझ्यातली अर्धी बाई म्हणाली, अगं, हे फक्त वाचल्याचे आहेत. दुसऱ्या अर्धीनं तिला स्वयंपाकघरात पाठवलं आणि पानाचा फोटो काढला.

शेजारणीनं विचारलंही, “ताई, हे सगळे खरंच आमच्या बाजूनं?”

“सगळे,” मी म्हटलं. “कायचो-सान तर डोळे पुसत होते.”

पाटी फिरत होती त्या सहा दिवसांत कायचो-सानांना मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

आत्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिनं चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. “किती सुंदर मोहरा,” ती म्हणाली. “राजेलोकांच्या असतात तशा.” आणि ते पान तिनं मंडळाकडं जाणाऱ्या फाइलला लावलं. मी आनंदाच्या भरात आभाराची चिठ्ठी लिहिली आणि पाटीवर लावून गल्लीत सोडली. म्हणजे चोरानं चोरी करून, घरमालकाला सविस्तर पावती द्यावी तसं.

तर मंगळवार. कायचो-सान ओरडून गेले. खिडक्या मिटल्या. मी वळून पाहिलं तर शेजारीण आपल्या दारात, हातात कचऱ्याची पिशवी, आणि तिचं जपानी माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे. तिला सगळं कळलं होतं.

माझ्या स्वयंपाकघरात येऊन ती बसली. मी चहा ठेवला, त्यात आलं जरा जास्तच किसलं.

“ते म्हणतात, कबरी ही आम्ही रचलेली गोष्ट आहे,” ती सावकाश म्हणाली. “दीडशे वर्षांत आमच्या माणसांनी या बाबतीत एक शब्द जादा सांगितलेला नाही, ताई. आत्या कुणाला सांगू देत नाही. आणि आता आमच्या फाइलमध्ये खरोखरच रचलेली गोष्ट आहे. ती माझ्या हातून गेलीय.”

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं.

तिकडं सोमवारची संध्याकाळ होती. आम्ही आत्याला फोन लावला. शेजारीण बोलणार होती, पण मी फोन हातात घेतला आणि सगळं सांगितलं. भर न घालता. जिभेला सवय नव्हती, दोनदा अडखळले. आत्या ऐकत होती. मागं तिच्या पंख्याचा आवाज येत होता.

“उद्या सकाळी कार्यालय उघडलं की तो कागद मी काढून घेते,” ती म्हणाली. “एक खोटा सापडला की ते म्हणतील सगळे खोटे. माझी वहीसुद्धा.”

“आणि मी?”

“सुनावणी गुरुवारी संध्याकाळी. ती सुरू व्हायच्या आत तोंडानं हो म्हटलेली माणसं असतील तर सांग. जेवढी असतील तेवढीच.”

त्यांचा गुरुवार संध्याकाळ म्हणजे आमचा शुक्रवार सकाळी आठ. तीन दिवस होते. मी ऑफिसात रजा टाकली, कारणाच्या जागी ‘घरगुती’ लिहिलं, आणि आम्ही दोघी दारोदार निघालो.

पहिलं घर माझंच. मला ते आठवलंही नव्हतं. सतरातला एक शिक्का आमचा होता आणि तो मीच मारला होता. शेजारणीनं दारातच थांबून विचारलं, “तुमच्या घरात दोघं राहता ना? त्यांना विचारलं?”

आमचे हे लॅपटॉपसमोर बसले होते. मी म्हटलं, “अहो, तुमचा पाठिंबा आहे ना हिच्या गावाला?”

“मला वाचू दे आधी.”

“एवढं काय वाचायचंय त्यात?”

“तू लिहिलंयस ना? मग वाचावं लागेल.”

वीस मिनिटं वाचलं. मधे दोन प्रश्न विचारले, तेही शेजारणीला, मला नाही. मग चष्मा काढून म्हणाले, “हो. लिहा माझं.” एक घर झालं.

कोपऱ्यावरच्या आजींनी तो कागद फ्लूच्या लशीचा समजून शिक्का मारला होता. आम्ही सगळी हकीकत सांगितली. आजींनी एकच प्रश्न विचारला, “तिथलं गवत कोण उपटतं?”

“आत्या आणि चर्चमधली माणसं,” शेजारीण म्हणाली. “वर्षातून दोनदा.”

“मग ती कबर आहे,” आजी म्हणाल्या. “लिहा हो.” आणि आत जाऊन आम्हाला दोन मोसंबी घेऊन आल्या.

एका घरात शिक्का दारालाच दोरीनं बांधलेला होता, येईल त्यानं पाटीवर उठवायचा. आमच्या पानावर तो कुणी उठवला हे त्यांनाही सांगता येईना. एका जोडप्यानं अकरा मिनिटं माफी मागितली आणि नाही म्हटलं. नवऱ्याची कंपनी तसल्याच टाक्या बनवते. मला त्यांचा राग आला नाही. नाही म्हणताना त्यांनी आम्हाला छत्रीसुद्धा देऊ केली, पाऊस नसताना. एका बाईनं दारातच हो म्हटलं आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, सासरे नको म्हणतात, खोडा. आम्ही खोडलं. एवढं मन लावून मी आयुष्यात काही खोडलेलं नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत सहा घरं झाली. सतरातली सहा. शेजारणीचा चेहरा मात्र सतरा शिक्क्यांच्या दिवसापेक्षा निवांत होता. ती वहीत प्रत्येक घराचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहीत होती, बारीक अक्षरात.

राहिले कायचो-सान. दोनदा बेल वाजवली, दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा वळलो तर मागून आवाज आला, “पाटी कुणी वाचत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?”

ते फाटकाशी उभे होते, डोक्याला टोपी, खांद्याला पिशवी.

“पहिल्याच वर्षी, कायचो-सान,” मी म्हटलं. आता खोटं बोलून काय मिळवणार होते?

“चला,” ते म्हणाले.

त्यांनी आम्हाला बसमध्ये बसवलं. शेवटच्या थांब्याला उतरलो तर समोर कारखान्यांची रांग, पाइप, चिमण्या, कुंपण. पहारेकऱ्याला त्यांनी नाव सांगितलं, त्यानं वहीत लिहिलं आणि फाटक उघडलं. दोन पाइपांच्या मधे गुडघ्याएवढं एक दगडी देऊळ होतं. पाण्याच्या देवीचं. पाणी कुठं दिसत नव्हतं. कायचो-सानांनी पिशवीतून ओला पंचा काढला आणि दगड पुसायला लागले, नातवाचं तोंड पुसावं तसं.

“इथं समुद्र होता,” ते म्हणाले. “आम्ही नोरीवाले. हिवाळ्यात समुद्रात बांबू रोवायचे, त्यावर खायचं शेवाळ धरतं, ते चौकटीवर वाळवायचं, तीच नोरी. माझा बाप तेच करायचा, त्याचाही बाप. मग भराव टाकायचं ठरलं. समुद्रावरचा हक्क सोडल्याचा कागद आला. मी तेविशीचा होतो, पाय मजबूत, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की कागद घेऊन मीच फिरायचं.”

शेजारीण हळूच मला म्हणाली, “मी नीट ऐकलं ना?” मी मान हलवली.

“दारोदार फिरलो. लोकांनी पाटीवर मारावा तसा शिक्का मारला. शेजाऱ्यानं मारलाय ना, मग आपणही. माझ्या बापानंही मारला. त्यानं वाचलं होतं का, मी विचारलं नाही. पुढं मीच या कारखान्यात फिटर झालो, छत्तीस वर्षं. काम चांगलं होतं, तक्रार नाही. पण त्या कागदावरच्या एका माणसानंही मला तोंडानं हो म्हटलेलं नव्हतं.” त्यांनी पंचा पिळून त्याची घडी घातली. “अमेरिकेच्या त्या सभेत बोलायला किती वेळ देतात?”

“तीन मिनिटं,” शेजारीण म्हणाली.

“पुरे.”

शुक्रवारी सकाळी साडेसातला कायचो-सान आमच्या दारात. सूट, टाय, आणि हातात फडक्यात बांधलेली एक चौकट, नोरी वाळवायची, बापाच्या हातची. मी पोहे केले होते. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, बाजूला शेजारीण, मागं आमचे हे वायर सांभाळत. पडद्यावर त्यांचं सभागृह, घडीच्या खुर्च्या, पंखे, आणि पहिल्या रांगेत जांभळी टोपी घातलेली आत्या, मांडीवर वही. आधी आत्या बोलली. तिनं फक्त नावं वाचली, आणि प्रत्येक नाव कुणी कुणाला सांगितलं तेवढं. तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजली तेव्हा नावं उरली होती. मागच्या बाईनं उठून पुढची वाचली, मग तिच्या मागच्या माणसानं.

मग आमची पाळी. कायचो-सान उठून उभे राहिले आणि लॅपटॉपला इतकं वाकून अभिवादन केलं की अर्धं मिनिट पडद्यावर फक्त त्यांचं टक्कल होतं. मग चौकट वर धरून बोलले, शेजारीण इंग्रजीत सांगत गेली. समुद्र, बांबू, कागद, शिक्के. कागद कुणी फिरवला तेही. भर नव्हती, उपमा नव्हती. मी शेजारी बसून टेबलाची कडा घट्ट धरली होती, कारण दोन ठिकाणी मला फार छान सुचलं होतं.

कंपनीचा वकील उठला. तरुण, सभ्य. त्यानं विचारलं, “या गृहस्थांचं कुणी तिथं पुरलेलं आहे का?”

शेजारणीनं विचारलं. कायचो-सान म्हणाले, “नाही. माझ्या गावात शिक्के मी गोळा केले होते. म्हणून आलोय.”

ते इंग्रजीत झालं आणि सभागृहात मागून कुणीतरी खोल आवाजात हुंकार दिला. मग दुसऱ्यानं. कीर्तनात टाळकरी देतात तसा. वकील खाली बसला. आमच्या सहा घरांचं म्हणणं शेजारणीनं वाचलं, आणि सातवं कायचो-सानांचं. गवत कोण उपटतं, हा आजींचा प्रश्न तिनं वाचला तेव्हा मंडळातल्या एका बाईनं पेन उचलून काहीतरी लिहून घेतलं.

दीड तासानं निकाल आला. मंडळाची माणसं आधी स्वतः जाऊन झाडी बघणार, जमिनीखालचं तपासून घेणार, आणि तोवर नकाशावर ‘पडीक झुडपं’ खोडून ‘दफनभूमी’ लिहायचं. त्या लिखाणाला हात लावायचा तर पुन्हा सभा बोलवावी लागेल. टाकी रद्द झाली नव्हती. कंपनी घरी गेली नव्हती. पण त्या संध्याकाळी झाडीचं नाव बदललं आणि ट्रॅक्टरशिवाय तिथं काही जाणार नव्हतं, तेही वळसा घालून.

सभागृहात गाणं सुरू झालं. आत्याचा फोन कुणाच्या तरी हातातून पडला, आम्हाला बराच वेळ पंखाच दिसत राहिला, आणि आम्ही पंख्याकडं बघत हसत बसलो. शेजारीण हसता हसता रडली आणि तिनं माझा हात हातात घेतला. काही बोलली नाही, मीही नाही. मी गप्प बसल्याची ही घटना आमच्या ह्यांनी मोबाइलमध्ये नोंदवून ठेवली आहे. कायचो-सानांनी तीनदा पोहे घेतले, शेंगदाणे बाजूला काढून शेवटी एकत्र खाल्ले, आणि हळूच विचारलं की या पिवळ्या भातात नोरी चुरून घातली तर कुणाला राग येईल का. घातली. चव काय सांगू, कोल्हापुरात दुकान काढलं तर रांग रंकाळ्याला वळसा घालील.

फोन सरळ झाला. आत्या सभागृहाच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती, टोपी मांडीवर, मागं उसाची काळी रेघ आणि त्यावर थोडा उजेड. तिला दमलेलं पाहून मला भरून आलं आणि मी बोलायला लागले. म्हटलं, आत्या, मी येणार, पुढच्या सुट्टीत येणार. तुमच्या झाडीत उभी राहणार, एकेका माणसापुढं हात जोडणार, तुमच्या वहीतली सगळी नावं मोठ्यानं वाचणार. तुमच्या उसाला आमच्या उसाचा निरोप देणार, नदीला नमस्कार करणार, आणि तिथल्या मातीवर कपाळ टेकल्याशिवाय परत फिरणार नाही. आणखीही बरंच म्हटलं. शेजारीण सगळं इंग्रजीत सांगत होती, मधे मधे श्वास घेत.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

“बूट घालून ये,” ती म्हणाली. “उसात साप असतात.”